अक्का बसली तरी सीट रिकामी

या ग्रुपवर मी वाचत असतो, लिहितोय पहिल्यांदाच. वाचतो म्हणजे काय, खरं सांगायचं तर हसायला वाचायचो. वडाखालची पांढरी साडी, घाटात लिफ्ट मागणारी बाई, मागे वळून पाहिलं तर कुणीच नाही... दुपारी डबा खाताना बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि ती चिडायची. माझ्या गॅरेजच्या दाराला लिंबू-मिरची आहे, ती तिनंच बांधलेली. मी शनिवारी ती बदलतो ते फक्त घरात शांतता राहावी म्हणून. भूत, भानामती, बाहेरचं, आतलं... यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानतो की नाही, मला सांगता येणार नाही. जे घडलं ते सांगतो, तुम्ही काय ते ठरवा. फक्त एक विनंती – "सेन्सर खराब असेल" एवढी कमेंट टाकायला ज्यांचे हात शिवशिवतायत, त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं. सेन्सर या विषयावर मी पोट भरतो.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. आधी पेट्रोल-डिझेल करायचो, आता बहुतेक इलेक्ट्रिक गाड्याच. पेट्रोल गाडीचा मेकॅनिक कानावर चालतो – टपेट वाजतंय, बेअरिंग गेलंय, ऐकूनच कळतं. इलेक्ट्रिक गाडी मुकी. तिला काय होतंय ते तिलाच विचारावं लागतं. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्यात स्कॅनर जोडायचा, की गाडीतले सगळे कॉम्प्युटर आपापली तक्रार कोडमध्ये सांगतात. बॅटरी-मोटरचा कोड P नं सुरू होतो, ब्रेक-स्टिअरिंगचा C नं, आणि दारं, काचा, सीट, एअरबॅग असल्या गोष्टींचा B नं. कोड वाचायचा, कारण शोधायचं, दुरुस्त करायचं, कोड पुसायचा. पुसलेला कोड परत आला तर आपलं निदान चुकलं. इतका सरळ धंदा आहे हा. म्हणून तर मला आवडतो.

आता माझ्या बहिणीविषयी. सुनंदा अक्का, माझ्याहून थोरली. राधानगरी रोडला भोगावतीच्या पुढच्या एका गावात दिलेली. दाजींच्या गोठ्यात म्हशी, थोडा ऊस. अक्का गावात बालवाडी चालवायची. आवाज असा खणखणीत, की वर्गात तिनं "गप!" म्हटलं तर बाहेर कट्ट्यावरची म्हातारी माणसंसुद्धा गप बसायची. मला लहानपणी तिनंच सांभाळलं, आणि बडवलंसुद्धा तिनंच. बीपीकडे दुर्लक्ष झालं आणि तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला डायलिसिसला यावं लागायचं. एसटीत तिला उभं राहवेना, आणि परत जाताना तर मान धरवायची नाही. शेवटी माझ्याच सांगण्यावरून दाजींनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. घरी गोठ्याशेजारी चार्ज करायची आणि यायचं. मागच्या सीटवर अक्काला मळमळायचं, म्हणून ती कायम पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी.

नवीन गाडी आली की आमच्याकडे आधी जोतिबा. गाडी डोंगरावर नेली, नारळ फोडला आणि गुलाल उधळला. गुलाल उधळला म्हणजे तुमच्यासारखा चिमूटभर नाही, कोल्हापूरच्या पद्धतीनं. बॉनेटवर, टपावर, आत डॅशबोर्डवर. आमच्या आईनं तर ओंजळभर गुलाल पुढच्या डाव्या सीटवर ओतला. "लेकीची जागा हाय ती," म्हणाली. मी ओरडलो, "आई, आत नको टाकू, वायरिंग असतंय." अक्का हसून त्याच गुलालात बसली. साडीला मागनं गुलाबी डाग घेऊन दिवसभर फिरली बाई.

थोड्याच दिवसांत दाजींचा फोन. "पावणं, गाडीत लाल लाईट आलीया. माणसाचं चित्र हाय, आणि पोटावर फुगा."

म्हणजे एअरबॅगचा दिवा. गाडी गॅरेजला आणायला सांगितली. स्कॅनर जोडला. B चा कोड – पॅसेंजर सीट ऑक्युपन्सी, सिग्नल इम्प्लॉजिबल. सोप्या भाषेत सांगतो. सीटच्या गादीखाली एक पातळ चटई असते, वजन पडलं की ती सांगते, सीटवर माणूस आहे. माणूस असेल तर समोरची एअरबॅग चालू ठेवायची, नसेल तर बंद. बंद असली की आरशाजवळ एक छोटा पिवळा दिवा लागतो, "पॅसेंजर एअरबॅग ऑफ". आता इथं काय झालेलं? दार उघडून बंद झालंय, बेल्ट लावलाय, पण चटई म्हणते सीट रिकामी आहे. गाडीला हे पटेना – रिकाम्या सीटला बेल्ट लावील कोण? म्हणून कोड.

मी सीट उचकटली. खाली कनेक्टरमध्ये गुलाल गच्च भरलेला. मला इतकं हसू आलं! कंपनीनं जगभर टेस्टिंग केलं असेल. वाळवंटात केलं असेल, बर्फात केलं असेल, पण आमच्या आईच्या ओंजळीचं कुणी केलं नसेल. हवेनं साफ केलं, कोड पुसला, स्वतः बसून बघितलं. पिवळा दिवा गेला. दाजींना म्हटलं, "देवाचा प्रसाद जास्त झालता. न्या गाडी."

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी तोच दिवा, तोच कोड.

आता खरी गंमत सांगतो. गंमतच वाटत होती तेव्हा. एरवी दाजी त्याच सीटवर दुधाचा कॅन ठेवून डेअरीला जायचे, आणि गाडी कॅनला माणूस समजून बेल्टसाठी टिंग-टिंग करायची. दाजी वैतागायचे – "कॅनला बी पट्टा बांधाय लागतोय." पेंडीचं पोतं ठेवलं तरी टिंग-टिंग. म्हणजे कॅन माणूस, पोतं माणूस, आणि जितीजागती अक्का बसली की सीट रिकामी.

वॉरंटीमध्ये चटई बदलून घेतली. कंपनीचा इंजिनिअर आला, त्यानं एअरबॅगचा कॉम्प्युटरसुद्धा बदलला, नवं सॉफ्टवेअर टाकलं. तो बसला – दिवा बंद. मी बसलो – बंद. तो खुशीत गेला. डायलिसिसच्या दिवशी मी मुद्दाम हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये जाऊन थांबलो. दाजींनी अक्काला हाताला धरून आणली, सीटवर बसवली, बेल्ट लावला. मी खिडकीतून आरशाजवळ बघत होतो. पिवळा दिवा तसाच. स्कॅनरचा टॅबलेट जोडून लाइव्ह रीडिंग काढलं. स्क्रीनवर एकच शब्द – एम्प्टी.

"काय रं, काय झालं?" अक्कानं विचारलं.

"काय न्हाय. बस तू."

माझ्या डोक्यात पहिलं आलं ते वजन. अक्का खूप वाळली होती. पण आमची आई तर तिच्याहून वाळकी, काडी नुसती. पुढच्या वेळी आईला सोबत घेतलं आणि आधी आईला त्या सीटवर बसवलं. ऑक्युपाइड! दिवा बंद. आईला उतरवून अक्काला बसवलं – एम्प्टी. एका मित्रानं डोकं लढवलं, की डायलिसिसच्या पेशंटच्या अंगातलं पाणी कमी-जास्त होतं, त्याचा परिणाम असेल. काही गाड्यांचे सेन्सर अंगातल्या ओलाव्यावर चालतात, हे खरं आहे. पण हा निव्वळ वजनावर चालणारा. दुधाच्या कॅनला कसली किडनी? तरीही डायलिसिसच्या आधी बघितलं, नंतर बघितलं. फरक शून्य. अक्का बसली की एम्प्टी, उठली की एम्प्टी. ती आली-गेली ते गाडीला कळतच नव्हतं.

मला राग यायला लागला. भीती नाही, राग. माझ्या बहिणीला एअरबॅग मिळत नाही म्हणजे काय? उद्या रस्त्यात ऊसवाला ट्रॅक्टर आडवा आला तर? मी ती सीट इतक्या वेळा खोलली की स्क्रूंचे आटे गेले. बायको म्हणाली, "एवढं लक्ष गिऱ्हाइकाच्या गाडीकडं दिलं असतं तर गॅरेज मोठं झालं असतं."

मग एका सोमवारी – सोमवारी उद्यमनगर बंद असतं – अक्काला डायलिसिसनंतर गॅरेजवर चहाला म्हणून आणली. चहा निमित्त. गॅरेजमध्ये दुसऱ्या एका कंपनीची गाडी उभी होती, हेडलाइटच्या कामाला आलेली. मी म्हटलं, "अक्का, जरा हिच्यात बस बघू." दाजी बाहेर टपरीवर गेले होते.

ती ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसली. मी चावी फिरवली. कुणी बेल्ट न लावता बसलं की या गाडीत कान किटतील असा आवाज होतो. काहीच झालं नाही. एकदम शांत. मी अक्काला उतरवून स्वतः बसलो – बोंबाबोंब. उतरलो, तिला परत बसवलं – गप्प. टॅबलेट जोडला, तर स्क्रीनवर परत तोच शब्द – एम्प्टी.

आतापर्यंत मी एका गाडीशी भांडत होतो. आता भांडायला गाडीच उरली नाही. कारण या दुसऱ्या गाडीचा पहिलीशी काहीच संबंध नव्हता. कंपनी वेगळी, वायरिंग वेगळं, गुलाल नाही, काही नाही. दोन्ही गाड्यांत सारखी गोष्ट एकच होती, आणि ती माझ्यासमोर सीटवर बसून बर्फाचा खडा चोखत होती. तिला पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं, म्हणून तहान लागली की बर्फ.

"ह्या गाडीत बस, त्या गाडीत बस... माझं वजन करतोयस व्हय रं बाळू?" अक्का म्हणाली. मग तिनं माझ्या हातातला टॅबलेट ओढून घेतला. बालवाडीची बाई ती, एवढं इंग्रजी तिला येत होतं. "एम्प्टी म्हंजे रिकामं न्हवं? कोण, मी?"

मी काहीतरी बडबडलो. कॅलिब्रेशन, टॉलरन्स... समोरच्याला कळू नये म्हणून आम्ही जे शब्द वापरतो, ते सगळे. तिनं मला पूर्ण बोलू दिलं. पोरांना खोटं बोलताना पकडायची तिची हीच पद्धत होती.

"झालं बोलून?" ती म्हणाली. "बरं केलंस सांगितलंस. मला वाटत हुतं, मलाच तसं हुतंय." मग खाली बघत म्हणाली, "मशीनवरनं उतरलं की मला दर टायमाला असंच वाटतंय बग. कुणीतरी मला उचलून गाडीत ठेवलंय, घरात नेऊन ठेवलंय. बोलतीया मी, खातीया मी. पर आत कोण न्हाय. तुझ्या दाजींला सांगितलं तर म्हणत्यात, अशक्तपणा हाय."

मी तिचा हात हातात घेतला. डायलिसिससाठी मनगटाच्या वर शीर जोडलेली असते, तिथं बोट ठेवलं की आत घर्र-घर्र लागतं, रक्त वाहतं त्याचं. इतकं जोरात लागत होतं! बाई जिवंत होती हो. माझ्या हातात जिवंत होती. मी स्क्रीनवरचा तो शब्द बघत होतो आणि मला तो टॅबलेट जमिनीवर आपटावासा वाटत होता.

"आईला यातलं काय बी सांगू नगंस," अक्का म्हणाली. "शपथ हाय माझी."

हे आईचं मधेच का, ते सांगतो. आईची किडनी अक्काला जुळली होती. सगळ्या तपासण्या होत आल्या होत्या, पुण्याला ऑपरेशन करायचं ठरत होतं. डॉक्टर खूश होते. दाजी कितीतरी महिन्यांनी हसायला लागले होते. आणि आई... आईला तर जणू पुन्हा लेकीचं बाळंतपण करायला मिळत होतं. डिंकाचे लाडू करायला घेतले होते तिनं. मी ओरडलो, अगं पेशंटला लाडू चालतात का? तर म्हणते, "माझ्यासाठी करतीया. माझी किडनी दणकट नगं व्हय?"

आईनं गावच्या देवीला कौल लावला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी – गुरव देवीच्या अंगावर फुलांच्या कळ्या चिकटवतो आणि आपण गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची कळी आधी पडली तर देवीची परवानगी, डावीकडची पडली तर नको. लग्न ठरवायचं असो, बोअर मारायची असो, आईचं पान कौलाशिवाय हलत नाही. यावरून मी तिची आयुष्यभर टर उडवली. "ओल्या फुलाचा चिकटपणा कुठं कमी पडतो, त्यावर तुम्ही संसार चालवता," असं म्हणायचो. ती म्हणायची, "तुझं मशीन तरी काय वेगळं करतंय? तू बी इचारतोसच की."

त्या दिवशी आईला देवळात मीच घेऊन गेलो. बाहेर थांबायची माझी नेहमीची पद्धत. त्या दिवशी आत गेलो. गुरवानं कळ्या लावल्या. आईनं हात जोडून सांगितलं, "माझी एक काढून लेकीला घालत्यात. चांगलं हुणार असंल तर उजवा दे." कळी पडायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी, गॅरेजवाला, नास्तिक म्हणून मिरवणारा माणूस, डोळे मिटून एकच म्हणत होतो – उजवा दे. जन्मात पहिल्यांदा मला देव खरा आणि मशीन खोटं ठरायला हवं होतं.

उजवा आला. झटकन, स्वच्छ उजवा. आईनं मागे वळून माझ्याकडे बघितलं, तोंडभर हसली. मी देवीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मला रडू आवरेना. आईला वाटलं, पोरगं सुधारलं.

ऑपरेशनच्या आधी एकदा अक्काशी एकट्यानं बोललो. म्हटलं, "तुला नको वाटत असेल तर अजून थांबता येतंय."

"आईला नगं म्हणून बघितलंय मी," ती म्हणाली. "चार दिवस जेवली न्हाय ती. बाळू, मी न्हाय म्हटलं आणि मला काय झालं, तर ती जलमभर म्हणंल, माझ्याजवळ हुतं आणि लेकीनं घेतलं न्हाय. घेतलं तर निदान दिल्याचं समाधान ऱ्हाईल तिला." मग मला टपली मारून म्हणाली, "आणि तुझ्या त्या डबड्याचं काय खरं हाय? दुधाच्या कॅनला माणूस म्हणतंय ते!"

मी हसलो. मला खरंच धीर आला. बरोबर होतं तिचं – जे मशीन कॅनला माणूस म्हणतं, त्याच्यावर कसला विश्वास?

ऑपरेशन छान झालं. हे मुद्दाम सांगतो. कुठं हयगय झाली नाही, कुणाची चूक झाली नाही. आईची किडनी अक्काच्या शरीरात बसली आणि लगेच काम करायला लागली. अक्काला लघवी झाली म्हणून दाजींनी वॉर्डाबाहेर पेढे वाटले. आमच्या घराण्यात या कारणासाठी पहिल्यांदाच. अक्काच्या तोंडावर तेज आलं. पाणी प्यायला परवानगी मिळाली तेव्हा तिनं तांब्याभर पाणी घटाघट पिऊन "आह्" केलं, ते मला अजून ऐकू येतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज जुन्यासारखा खणखणीत लागला. नर्सला दरडावत होती – "गप, मला काय समजत न्हाय व्हय?"

डिस्चार्जच्या दिवशी दाजींची गाडी घेऊन मीच गेलो. जाताना माझ्या मनात काही नव्हतं, शपथेवर सांगतो. आई आधीच घरी आली होती, बरी होती. अक्का मास्क लावून, पायऱ्या स्वतः उतरून आली. वजन वाढलं होतं, गाल भरले होते. डॉक्टरांनी मागे बस म्हटलं तर म्हणाली, "माझी जागा पुढची हाय." दाजींनी दार उघडलं. ती बसली, बेल्ट लावला, आणि तिनं आणि मी एकाच वेळी आरशाकडे बघितलं.

पिवळा दिवा जळत होता.

दाजी मागे सामान लावत होते, बडबडत होते – घरी गेल्यावर पांढरा रस्सा चालेल का, डॉक्टरांना विचारायचं राहिलं म्हणून. मी सीट पुढं-मागं करायचं निमित्त काढलं, तिला जरा उठून परत बसायला लावलं. दिवा जाईना. शेवटी अक्कानं हात वर केला आणि त्या दिव्यावर अंगठा दाबून धरला, लहान पोर डोळा झाकतं तसा. मास्कवरून तिचे डोळे दिसत होते. त्यात मला दोष नव्हता, भीतीही नव्हती. थकवा होता फक्त. "चल की," म्हणाली, "आई वाट बघत असंल."

पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत मी ती गाडी कशी चालवली, मला विचारू नका. कराडच्या अलीकडे चार्जिंगला थांबलो तेव्हा दाजींनी मला बाजूला घेऊन मिठी मारली. "पावणं, तुमच्या सांगण्यावरनं गाडी घेतली नसती तर ती एवढी टिकलीच नसती." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो आणि त्यांना वाटलं आनंदानं रडतोय. काय सांगणार होतो? सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, किडनी झकास चाललीय, पण गाडी म्हणते तुमची बायको इथं नाही?

महिनाभरातच अक्काला ताप आला. किडनी बदलली की प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवतात, त्यात छातीत इन्फेक्शन शिरलं. परत पुणे. या वेळी अँब्युलन्सनं नेली, आमच्या गाडीत नाही. डॉक्टर म्हणाले, असं होऊ शकतं, क्वचित होतं. शेवटपर्यंत आईची किडनी मात्र काम करत होती म्हणे. अक्का गेली आणि ती चालूच होती. हे वाक्य मी आजपर्यंत कुणापुढं उच्चारलेलं नाही, इथं पहिल्यांदा लिहितोय.

आता ज्यांना स्पष्टीकरण द्यायचंय त्यांनी द्या. वजनाचं खरं नाही, पाण्याचं खरं नाही, गुलालाचं खरं नाही. दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एका बाईच्या बाबतीत एकच खोटं बोलतात आणि बाकी सगळ्या जगाशी खरं, याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा. मीही बरेच दिवस तेच म्हणत होतो. आणि मशीनला आधी कळलं होतं म्हणाल, तर मग त्या कळण्याचा उपयोग काय होता? काही बदलायचं नव्हतं, कुणाला सांगायचं नव्हतं, तर मला कशाला दाखवलं? याचं उत्तर मला ना देवळात मिळालं, ना मॅन्युअलमध्ये.

दाजींना ती गाडी दारात बघवेना, म्हणून ती माझ्याकडे असते. आईला तपासणीला मी तिच्यातूनच नेतो. एकच किडनी राहिलीय तिला, सांभाळावं लागतं. आई पुढं बसते. पिवळा दिवा लगेच विझतो. मी मग उगाचच स्कॅनर जोडतो. तो कोड परत कधीच आला नाही. कधी कधी वाटतं, यावा. एकदा तरी यावा. म्हणजे निदान गाडीतच दोष होता असं मला धरून चालता येईल.

गेल्या वेळी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मी असाच टॅबलेट घेऊन बसलो होतो. आई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "कौल उजवा आलता न्हवं रं? तू बी हुतास की तितं. मग चुकलं कुटं?"

तिनं मान माझ्याकडे वळवली आणि स्क्रीनकडे बोट केलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही. "त्यात काय लिवलंय?"

स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं – नो फॉल्ट फाउंड.

"कुठंच काय चुकलेलं न्हाय म्हणतंय, आई."

"मग?" आई म्हणाली.